फाइलीचा पूर्ण पत्ता

जुन्नर तालुक्यात वडगाव आनंद आहे आणि वडगाव साहनीही. शेजारच्या आंबेगाव तालुक्यात वडगाव पीर आणि वडगाव काशिंबेग. नुसतं ‘वडगाव’ सांगून सातबारा मिळणार नाही. म्हणून महाभूलेख संकेतस्थळावर उतारा शोधताना आधी विभाग, मग जिल्हा, तालुका, गाव आणि शेवटी गट नंबर द्यावा लागतो. गट नंबर ५० अनेक गावांत असतो. तो नेमका कुठला, हे वरच्या पायऱ्या ठरवतात.

संगणकातल्या फोल्डरांची उतरंडही याच तत्त्वावर चालते. सर्वांत वर मूळ डिरेक्टरी, तिच्यात फोल्डर, त्यात आणखी फोल्डर आणि शेवटी फाइल. ही नावं क्रमाने तिरप्या रेघेने जोडली की फाइलीचा पूर्ण पत्ता, म्हणजे ‘पाथ’ तयार होतो: पुणे/जुन्नर/ओतूर/उतारा. एकाच फोल्डरमध्ये एका नावाच्या दोन फाइली राहू शकत नाहीत. दोन वेगळ्या फोल्डरांत मात्र त्या बिनदिक्कत राहतात, कारण त्यांचे पाथ वेगळे असतात.

ही रचना अमेरिकेतल्या मल्टिक्स प्रणालीसाठी १९६५ च्या शोधनिबंधात सविस्तर मांडली गेली आणि पुढे युनिक्स या प्रणालीने ती रुजवली. पीसीवरच्या एमएस-डॉस प्रणालीच्या १९८१ च्या पहिल्या आवृत्तीत मात्र फोल्डरच नव्हते. डिस्कवरच्या सगळ्या फाइली एकाच यादीत असत. फोल्डर आले ते १९८३ च्या दुसऱ्या आवृत्तीत. तोवर पीसीसाठीही हार्ड डिस्क आली होती आणि तिच्यावरच्या एवढ्या फाइलींना एक यादी पुरणार नव्हती.

पडद्यावर फोल्डर पाकिटासारखा दिसतो, पण फाइलीतला मजकूर त्याच्या आत नसतो. युनिक्समध्ये फोल्डर म्हणजे नावं आणि क्रमांकांची नोंदवही. क्रमांकावरून फाइलीची माहिती सापडते आणि त्यावरून मजकुराची डिस्कवरची जागा. म्हणूनच एकाच ड्राइव्हवर भलामोठा व्हिडिओ दुसऱ्या फोल्डरमध्ये क्षणात हलतो: बदलते ती फक्त नोंद. पेन ड्राइव्हवर नेताना सगळा मजकूर नव्याने लिहावा लागतो, म्हणून वेळ लागतो.

आज उतारा, पीकविमा, जातीचा दाखला, मुलांचे निकाल असं सगळं ‘डाउनलोड्स’मध्ये साचतं आणि अर्जाच्या शेवटच्या दिवशी सापडत नाही. घरातल्या प्रत्येकाच्या नावाचा एक फोल्डर करा, त्यात वर्षाचा, आणि फाइलीला कागदाचं नाव द्या. तीन पायऱ्या पुरतात. मुलांना संगणक शिकवताना टायपिंगच्याही आधी ही उतरंड शिकवा.