पास्ता कुठे तोडायचा?

"आजोबा, तुमच्यामुळे मला लाल रेघ मिळाली!"

तुरीनला शाळेत जाणारी माझी नात व्हिडिओ कॉलवर वही नाचवत होती. तिकडे लहान वर्गांतच मुलांना शब्दांचे तुकडे पाडायला शिकवतात. एकेका तुकड्याला एक टाळी. आदल्या रात्री तिनं पास्ताचे तुकडे विचारले होते. मी छातीठोकपणे सांगितलं, पास्-ता. हयात छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेली, मला कोण शिकवणार? बरोबर उत्तर होतं पा-स्ता.

चूक जिव्हारी लागली. साठी उलटल्यावर मी इटालियन व्याकरण उघडलं. नियम तसे सरळ आहेत. एकच व्यंजन दुहेरी आलं की मधोमध फोडायचं: नोत्-ते, म्हणजे रात्र. र, ल, म, न यांच्यापुढे दुसरं व्यंजन आलं तरी तसंच: पोर्-ता, म्हणजे दार. 'स' मात्र मागच्या स्वराला सोडून पुढच्या व्यंजनापाशी जाऊन बसतो. म्हणून सणाला फे-स्ता.

खरी गंमत उपसर्गांत आहे. ओनेस्तो म्हणजे प्रामाणिक. त्याला 'दिस' लागला की अप्रामाणिक. अर्थाची शिवण 'दिस'नंतर, पण तुकडे पडतात दि-झो-ने-स्तो. उपसर्गाचा 'स' पुढच्या स्वरानं पळवला, वर दोन स्वरांत सापडून त्याचा 'झ' झाला. आपणही निर् आणि आशा जोडून नि-रा-शा म्हणतोच की! 'त्रान्स' उपसर्गाच्या शब्दांत मात्र मुभा आहे. त्रान्सात्लान्तिको, म्हणजे अटलांटिकपारचा, हा शब्द त्रान्- वर तोडा नाहीतर त्रान्स- वर, दोन्ही बरोबर. आमच्या शाळेत अशी मुभा कधी मिळाली नाही.

एक जोडी तर मला फार आवडली. दोन्ही शब्दांची अक्षरं तीच, वहीतले तुकडेही तेच. पण प्रमाण उच्चारात 'प्रेझेन्तो' म्हणजे मी सादर करतो आणि 'प्रेसेन्तो' म्हणजे मला आधीच चाहूल लागते. दुसऱ्यात 'प्रे' उपसर्ग आहे आणि 'सेन्तो' म्हणजे मला जाणवतं. त्या 'सेन्तो'चा 'स' जिभेनं जपून ठेवला आहे, जणू शब्द तिथूनच सुरू होतो. कागदावर ही शिवण दिसत नाही, कानाला कळते.

मग पास्ताचं काय? ध्वनींचे अनेक अभ्यासक म्हणतात, बोलताना तो 'स' मागच्याच तुकड्यात राहतो. काप्रा म्हणजे शेळी. तिच्यातला 'का' इटालियन माणूस लांबवतो, कारण तो तुकडा स्वरावर संपतो. पास्तातला 'पा' तो लांबवत नाही. पाठोपाठ 'स'नं दार लावून घेतलेलं असतं. म्हणजे माझा कान अगदीच फितूर नव्हता. आणि मी तरी काय केलं? ओळीच्या शेवटी पुस्तक हा शब्द जन्मभर पु- वर तोडला आणि वाचताना पुस्-तक म्हटलं.

पुढच्या रविवारी नातीला हे सगळं समजावलं. वहीत पा-स्ताच लिही, पण कानाला पास्-ता ऐकू आलं तर घाबरू नकोस, असंही सांगितलं. ती क्षणभर गप्प झाली. मग दोन्ही प्रकारे म्हणून पाहिलं, टाळ्यांसकट.

"पण आजोबा, टाळ्या तर दोनच होतात!"