दुरुस्तींतलें घर आणि घरांतलें काम

वर्ध्याहून यवतमाळकडे जाणाऱ्या रस्त्यानें सुमारें अठरा किलोमीटर गेलें म्हणजे देवळी लागते. सभोंवार काळी, चिकट, कापसाची जमीन. या जमिनीनें देवळीला कापूस दिला, बाजार दिला. आणि तिनेंच तेथील भिंतींना भेगाही दिल्या. काळी माती पावसाळ्यांत पाणी पिऊन फुगते व उन्हाळ्यांत वाळून आकसते. तिच्यांत मॉन्टमोरिलोनाइट नांवाचें खनिज असतें. त्याचे थर इतके पातळ व सैल असतात कीं, पाणी त्यांच्यामध्यें शिरून त्यांस एकमेकांपासून दूर लोटतें. अर्थात् ज्या भूमीवर घराचा पाया टेकला आहे ती भूमीच वर्षांतून एकदां वर उचलली जाते व एकदां खालीं बसते. पाया उथळ असला तर भिंत हें फार वर्षें सोसत नाहीं. चौकटीच्या कोपऱ्यापासून तिरपी भेग निघते, कवाड अडकूं लागतें, फरशी पोकळ वाजूं लागते.

म्हणून या भागांत घराची डागडुजी हा जवळजवळ दरसालचा विषय आहे. होळी झाली कीं गवंड्याला बोलावणें जातें, आणि मृगाचा पाऊस येण्यापूर्वीं काम आटपावें अशी सर्वांची धांदल असते. याच दिवसांत वर्धा जिल्ह्याचा पारा पुष्कळदां पंचेचाळीस अंशांवर चढतो. सारांश, घर उघडें पडण्याचा काळ आणि घराच्या सावलीची सर्वांत अधिक गरज असण्याचा काळ हे दोन्ही एकच होत.

सन २०२० चा गुढीपाडवा २५ मार्च रोजीं आला, आणि त्याच दिवशीं देशभर टाळेबंदी सुरू झाली. दुरुस्तीचा हंगाम तेव्हां ऐन भरांत होता. ज्यांच्या अंगणांत वाळूचा ढीग पडला होता, ज्यांच्या एका खोलीचें छप्पर उतरलें होतें, त्यांचें घर होतें तसेंच अर्धवट राहिलें. आणि अशाच घरांत कचेरीही येऊन बसली. पुण्यानागपुराकडे नोकरी करणारीं मुलें लॅपटॉप घेऊन गांवीं परतलीं. मेज नाहीं, खुर्ची नाहीं, विजेचा भरंवसा नाहीं. आणि काम मात्र घड्याळाच्या ठोक्याला हजर. टाळेबंदी पुढें उठली. परंतु घरूनच काम करण्याची रीत कित्येक धंद्यांत टिकून राहिली. त्यामुळें, घर दुरुस्तींत असतांना घरांतलें काम कसें चालवावें, हा प्रश्न आतां एका वर्षापुरता राहिलेला नाहीं.

वास्तविक घरांत काम करणें ही आपल्याकडे नवी गोष्ट नव्हे. नवी गोष्ट आहे ती जागेवांचून काम करणें ही. विदर्भांतील कोष्टी माग मांडावयाचा तर प्रथम जमिनींत खड्डा खणी. विणणाऱ्याचे पाय खड्ड्यांत, बैठक जमिनीच्या पातळीवर आणि कापड हाताच्या उंचीवर. शिवाय जमिनीच्या ओलाव्यानें सूतही कमी तुटे. सोनाराची बागेसरी, शिंप्याची ओसरी, सावकाराच्या मुनिमाची गादी, तक्क्या व उतरतें मेज, या सर्वांत एकच शहाणपण दिसून येतें. आधीं धंद्याची जागा ठरे आणि मग घर तिच्याभोंवतीं उभें राही.

देवळीपासून फार दूर नसलेल्या सेवाग्रामांत या गोष्टीचें उत्तम उदाहरण आहे. गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजीं त्या गांवीं राहावयास आले, तेव्हां त्याचें नांव शेगांव होतें. सेवाग्राम हें नांव १९४० सालीं पडलें. तेथील पहिलें घर आदिनिवास. त्याच्या एका मोठ्या खोलींतच गांधीजी, कस्तुरबा, सहकारी आणि पाहुणे अशा सर्वांचा वास असे. आज बापूकुटी म्हणून जी वास्तु दाखवितात ती मूळची मीराबेन यांची झोंपडी. पुढें तिच्यांत फेरफार करून ती गांधीजींच्या उपयोगास आणली. देशांतील मोठमोठीं कामें त्या मातीच्या भिंतींमध्यें, जमिनीवर बसून, एका लहानशा मेजावर झालीं. साधनें थोडीं होतीं हें खरें; परंतु प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली होती व ती हाताच्या अंतरावर होती. अपुरेपणा आणि अव्यवस्था या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीशीं जमवून घेतां येतें. दुसरी माणसास थकविते.

यावरून पहिला नियम निघतो तो खोल्यांच्या क्रमाचा. घरांतील एक खोली, मग ती कितीही लहान असो, दुरुस्तीच्या क्रमांत अगदीं शेवटीं ठेवावी आणि काम तेथें मांडावें. पुष्कळ घरांत याच्या उलट होतें. सर्व खोल्या एकदम उकरल्या जातात आणि काम करणारा आज सपरींत, उद्यां स्वयंपाकघरांत, परवां जिन्याखालीं असा फिरत राहतो. जागा बदलली कीं वीज, उजेड व बैठक हीं तिन्ही नव्यानें जमवावीं लागतात, आणि त्यांतच दिवसाचा चांगला भाग खर्ची पडतो. शेवटली खोली निवडतांना ती गवंडीकामाच्या जागेपासून दूर आणि शक्य तर वाऱ्याच्या बाजूस असावी.

दुसरा विचार धुळीचा. जी धूळ डोळ्यांस दिसते ती लवकर खालीं बसते. घातक ती न दिसणारी. मनुष्याचा केस सुमारें सत्तर मायक्रॉन जाड असतो. दहा मायक्रॉनहून बारीक कण तासन् तास हवेंत तरंगतात आणि श्वासाबरोबर छातींत उतरतात. विटा, वाळू, काँक्रीट व कांहीं फरशा कापतांना उडणाऱ्या धुळींत स्फटिकरूप सिलिका असते. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनें १९९७ सालीं या धुळीची गणना कर्करोगकारक द्रव्यांत केली. म्हणून फरशी कापावयाची ती पाणी सोडून. राडा झाडावयाचा तो पाणी शिंपडून. कोरडा खराटा धूळ काढीत नाहीं. ती फक्त उडवून दुसरीकडे बसवितो. दारें-खिडक्यांचा जुना तेलिया रंग खरवडतांना विशेष जपावें. घरगुती रंगांत शिसें दहा लाख भागांत नव्वद भागांहून अधिक असूं नये, हें बंधन १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झालें. त्यापूर्वींच्या रंगांत तें किती आहे याचा भरंवसा नसतो, आणि शिशाची धूळ लहान मुलांच्या बुद्धीस बाधते.

येथें विदर्भांतील प्रत्येक घरीं असलेला कूलर उपयोगी पडतो. मात्र तो कोठें लावला आहे यावर सर्व अवलंबून आहे. अंगणांत फरशी कापणें चालूं असेल आणि कूलर त्याच अंगणाकडे तोंड करून असेल, तर तो गारव्याबरोबर धूळही आंत ओढील. तोच स्वच्छ बाजूच्या खिडकींत लावून दुरुस्तीकडील दार किंचित् किलकिलें ठेवलें, तर खोलींतील हवा दाराच्या फटींतून सतत बाहेर ढकलली जाते आणि बाहेरची धूळ आंत शिरत नाहीं. दारावर ओली चादर टांगली तर आणखी चांगलें. कूलरचा ओला झोत मात्र यंत्रावर थेट येऊं देऊं नये. लॅपटॉप स्वतःस थंड ठेवण्यासाठीं हवा आंत ओढतो. चालूं यंत्रावर धुळीच्या भयानें फडकें झांकणें म्हणजे त्याचा श्वास कोंडणें होय. झांकण काम संपल्यावर, यंत्र बंद करून घालावें.

तिसरा विचार बैठकीचा. लॅपटॉपच्या रचनेंतच एक अडचण आहे. त्याचा पडदा व कळफलक एकमेकांस जोडलेले असतात. हात नीट उंचीवर ठेवावे तर पडदा खालीं जातो व मान वांकते. पडदा डोळ्यांच्या समोर आणावा तर हात वर उचलले जाऊन खांदे आखडतात. यावरचा उपाय महाग नाहीं. लॅपटॉप चार जाड पुस्तकांवर किंवा उपड्या खोक्यावर ठेवावा आणि कळफलक व माउस हीं दोन साधनें तेवढीं निराळीं घ्यावीं. खुर्चीच्या आधीं विकत घ्यावयाची वस्तु ती हीच. मुनिमाचें उतरतें मेज हेंच करीत असे; कागद डोळ्यांकडे येई, डोळे कागदाकडे वांकत नसत. जमिनीवर बसावयाचें तर पाठीस तक्क्या घ्यावा आणि अर्ध्या तासानें उठावें. पलंगावर पोटावर पालथें पडून काम करणें ही सोय दोन दिवसांची असते आणि दुखणें कित्येक महिन्यांचें. डोळ्यांसाठीं एक सोपा नियम आहे: दर वीस मिनिटांनीं वीस फुटांपलीकडील वस्तूकडे वीस सेकंद पाहावें. उजेड बाजूनें यावा. खिडकी पाठीशीं असली तर पडदा चकाकतो. समोर असली तर डोळे दिपतात.

चौथा विचार विजेचा. आणि दुरुस्तीच्या घरांत धोकाही येथेंच अधिक. साध्या सहा अँपिअरच्या सॉकेटांतून २३० व्होल्ट दाबानें सुमारें १,३८० वॅट शक्ति घेतां येते. फरशी कापण्याचें यंत्र एकटेंच हजार-बाराशे वॅट ओढतें, आणि सुरू होतांना क्षणभर त्याच्या कित्येक पट. त्याच वायरीच्या बोर्डावर लॅपटॉप जोडला तर एक तर दाब पडून काम बिघडतें, नाहीं तर वायर तापते. गवंड्याची जोडणी निराळ्या सर्किटवरून द्यावी, अर्थिंग तपासून घ्यावें, आणि तीस मिलिअँपिअरची गळती होतांच प्रवाह तोडणारें यंत्र मुख्य फलकांत बसवून घ्यावें. ओल्या भिंती आणि उघड्या वायरी एकाच ठिकाणीं असतांना हा खर्च चैनीचा नव्हे.

वीज गेली तर किती वेळ निभेल याचाही हिशेब आधींच करावा. बारा व्होल्टांच्या दीडशें अँपिअर-तास बॅटरींत कागदोपत्रीं १,८०० वॅट-तास असतात; वाया जाणारा भाग वजा करतां अकराशें धरावेत. लॅपटॉपला साठ, राउटरला दहा व पंख्याला सत्तर वॅट धरले, तर नवी बॅटरी सात-आठ तास पुरते. जुनी तितकी नाहीं. त्यावर कूलर चालविला तर हा वेळ निम्म्याहूनही कमी होतो. राउटरच्या लहरींविषयीं एवढें लक्षांत ठेवावें कीं, जाड भिंतींच्या जुन्या घरांत २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी ५ गिगाहर्ट्झच्या लहरींपेक्षां बऱ्या पोंचतात. आणि कवेलू उतरवून टिनाचे पत्रे चढविले कीं, छपरांतून येणारी मोबाइलची लहर बरीच अडते. अशा वेळीं खिडकीजवळची जागा धरावी.

राहिला आवाज. आवाज पाण्यासारखा फटींतून शिरतो. म्हणून दाराच्या खालची फट बुजविल्यानें जितका फरक पडतो तितका भिंतीवर गोधडी टांगल्यानें पडत नाहीं. गोधडी खोलींतला घुमारा कमी करते, बाहेरचा हातोडा थांबवीत नाहीं. हातोडा थांबतो तो बोलून-चालूनच. सकाळीं गवंडी आला कीं त्याला दिवसाच्या बैठकांच्या वेळा सांगाव्या. तोडफोड सकाळीं, गिलावा नंतर, आणि भर दुपारीं ऊन तापल्यावर माणसांची विश्रांति, असा क्रम बसविला तर दुपारचे एक-दोन तास सर्वांत शांत मिळतात. महत्त्वाचें संभाषण त्यांत धरावें.

आणि येथेंच एक गोष्ट सुशिक्षित घरांनीं विसरूं नये. दुरुस्तीच्या दिवसांत त्या घरांत काम करणारा मनुष्य एक नसतो. दाराच्या आंत एक जण कानाला यंत्र लावून बसलेला असतो. दाराच्या बाहेर गवंडी आणि रेजा उभ्या असतात. तेंही घर त्यांच्या कामाची जागाच आहे, आणि साधनें त्यांचीही अपुरीं आहेत. आंतला मनुष्य धुळीची तक्रार करतो, तीच धूळ बाहेरचा मनुष्य दिवसभर हातभर अंतरावरून घेतो, आणि एका घरांत नव्हे, वर्षभर घरोघर. तोंडास बांधलेला रुमाल बारीक कण अडवीत नाहीं. एन-९५ जातीचा मुखवटा अडवितो, आणि सबंध दुरुस्तीच्या खर्चांत त्याची किंमत दिसतही नाहीं. कापतांना पाण्याची धार, डोळ्यांस चष्मा, दुपारची सावली आणि पिण्यास गार पाणी एवढें दिलें, तर बाहेरचा मनुष्य निरोगी राहतो आणि आंतल्याची खोलीही स्वच्छ राहते. दोघांचें हित येथें निराळें करतां येत नाहीं.

गवंडी घरांत आहे तोंवरच पुढची तजवीज करून ठेवावी. ज्या खोलींत काम चालावयाचें तिच्या भिंतींत टेबलाच्या उंचीवर दोन चांगले सॉकेट, बाजूनें उजेड देणारी एक खिडकी, आणि पाठ टेकावयास एक कोरी भिंत, इतकें ठेवावयास त्या वेळीं फारसा खर्च येत नाहीं. मागाहून मात्र पुन्हां भिंत फोडावी लागते. नवी खोली बांधावयाची असेल तर काळ्या मातीसाठीं पायाच निराळा घ्यावा. रुरकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेनें अशा जमिनीकरितां, खालच्या टोकाशीं फुगीर असलेले कांक्रीटचे खांब खोल उतरविण्याची पद्धत विकसित केली आहे. जेथें मातीचा ओलावा फारसा बदलत नाहीं, अशा खोलीवर घर टेकलें कीं वरची जमीन फुगो वा आकसो, भिंत जागची हालत नाहीं.

कोष्ट्यानें मागासाठीं खड्डा खणला तेव्हां त्याच्या हातीं धन नव्हतें. आपल्या कामाची त्याला जाण होती. लॅपटॉपचें काम हेंही तसेंच एक बैठें काम आहे, आणि त्यालाही पाठ, डोळे व श्वास हीं सांभाळणारी जागा लागते. पुढच्या होळीनंतर गवंडी दारीं येईल, तेव्हां भेग बुजविण्याआधीं घरांतील काम कोठें बसणार हें ठरलेलें असावें.