रॅमची पट्टी: खाचेत बसली म्हणजे जुळली का?

सुटे भाग आणून घरीच संगणक जुळवणारे विद्यार्थी आता पुष्कळ दिसतात. प्रोसेसर, मदरबोर्ड यांची चौकशी ते बारकाईने करतात. स्मृतीची, म्हणजे रॅमची, पट्टी मात्र “सोळा जीबीची द्या” एवढ्याच शब्दांत मागतात. पूर्वी हे खपून जाई. २०२५ च्या उत्तरार्धात या पट्ट्यांच्या किमती भराभर चढल्या. वडिलांकडून मोजून पैसे घेऊन संगणक उभा करायचा असेल, तर चुकीची पट्टी घरी आणणे कोणाला परवडेल?

पट्टीवरच्या काळ्या चकत्यांत असते तरी काय? एका बिटासाठी एक ट्रान्झिस्टर आणि एक अतिसूक्ष्म धारित्र, एवढेच. ही रचना आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांची. तिचे पेटंट त्यांना १९६८ साली मिळाले. धारित्रात विद्युतभार असला तर एक, नसला तर शून्य. पण हे धारित्र पाझरणाऱ्या माठासारखे असते. भरलेला भार गळत राहतो, म्हणून तो पुन्हापुन्हा भरावा लागतो. डीडीआर४ जातीच्या स्मृतीत सर्वसाधारण तापमानाला दर ६४ मिलिसेकंदांत प्रत्येक घराची अशी एक फेरी पुरी व्हावी लागते. हे पाणक्याचे काम करणारा नियंत्रक हल्ली प्रोसेसरच्या पोटातच असतो. म्हणजे पट्टी जुळवायची ती नुसत्या मदरबोर्डाशी नव्हे, प्रोसेसरशीही.

पहिली अट पिढीची. डीडीआर३ चे प्रमाण विभव १.५ व्होल्ट, डीडीआर४ चे १.२ आणि डीडीआर५ चे १.१. डीडीआर४ व डीडीआर५ या दोन्ही पट्ट्यांना २८८ संपर्क असतात, त्यामुळे लांबून त्या सारख्याच वाटतात. पण कडेवरची खाच वेगळ्या जागी ठेवलेली असते, ती मुद्दामच. चुकीची पट्टी बसूच नये, हा तिचा हेतू. तेव्हा पट्टी बसत नसेल तर अंगठ्याचा जोर वाढवू नये!

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. कमी खर्चाच्या संगणकासाठी रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर पुष्कळजण निवडतात, कारण चित्रे काढणारा भाग त्यातच असतो आणि वेगळे ग्राफिक्स कार्ड घ्यावे लागत नाही. तो एएम४ या बैठकीत बसतो, आणि एएम४ म्हणजे डीडीआर४च. नंतरच्या एएम५ बैठकीला फक्त डीडीआर५ चालते. इंटेलच्या एलजीए१७०० बैठकीचे मदरबोर्ड मात्र दोन्ही प्रकारचे निघाले. तेथे बोर्डाचे पूर्ण नाव वाचल्याशिवाय पट्टी घेऊ नये.

खरा फसवा प्रकार पुढेच आहे. मोठ्या सर्व्हरमधून काढलेल्या डीडीआर४ पट्ट्या जुन्या बाजारात स्वस्त मिळतात. त्यांची खाच आपल्या पट्टीसारखीच असते आणि त्या बोर्डात अगदी नीट बसतात. परंतु पडदा काळाच राहतो. या पट्ट्यांवर नियंत्रक आणि स्मृती यांच्यामध्ये ‘रजिस्टर’ नावाची एक जादा चकती असते; नियंत्रकाच्या आज्ञा तिच्यामार्फत जातात. घरगुती प्रोसेसरच्या नियंत्रकाला ही मध्यस्थी कळत नाही. ओळखायचे कसे? चिठ्ठीवर ‘पीसी४-२४००टी’ अशासारख्या मजकुरानंतर जोडरेघ असते. तिच्यापुढे रोमन लिपीतले ‘आर’ हे अक्षर असेल तर ती पट्टी सर्व्हरची. ‘यू’ असेल तर आपल्या कामाची. लॅपटॉपची पट्टी तर लांबीने जवळजवळ निम्मी असते, तिची चूक सहसा होत नाही.

वेगाच्या आकड्यांकडे थोडे गणिताने पाहू. ३२०० म्हणजे सेकंदाला ३२० कोटी वेळा देवघेव. दर वेळी ८ बाइट जातात, म्हणून एका वाटेने सेकंदाला २५.६ अब्ज बाइट. दुसरा आकडा सीएल १६ असा असतो. मागणीनंतर किती स्पंद थांबावे लागते ते तो सांगतो. स्पंद सेकंदाला १६० कोटी असल्याने १६ स्पंद म्हणजे १० नॅनोसेकंद. तेवढ्या वेळात प्रकाश ३ मीटर जातो. आता डीडीआर५-६००० सीएल ३० चे गणित करा. तेथेही १० नॅनोसेकंदच येतील! नवी स्मृती एका वेळी जास्त माल वाहते. पहिली गोणी मात्र जवळजवळ तेवढ्याच वेळाने पोहोचते. शिक्षकांनी हे उदाहरण वर्गात जरूर द्यावे. पट्ट्यांवरच्या रंगीत दिव्यांविषयी मी काही लिहीत नाही. त्यांच्या उजेडात बिटे जास्त वेगाने धावत नाहीत.

आपल्या प्रोसेसरला स्मृतीच्या दोन वाटा आहेत. १६ जीबीची एकच पट्टी लावली तर एक वाट रिकामी राहते. ८ जीबीच्या दोन लावल्या तर सेकंदाला ५१.२ अब्ज बाइट वाहण्याची सोय होते. ५६००जी मध्ये चित्रांचे कामही याच स्मृतीतून चालते, म्हणून खेळांत हा फरक डोळ्यांना दिसतो. पट्ट्या एकाच पाकिटातील जोडी म्हणून घ्याव्यात. भिन्न वेगाच्या दोन पट्ट्या लावल्या तर दोन्ही हळू पट्टीच्या चालीने चालतात, आणि कधी कधी संगणक सुरूच होत नाही. बोर्डावर चार खाचा असतील तर बहुधा प्रोसेसरकडून दुसरी व चौथी वापरायची असते. बोर्डाच्या पुस्तिकेत आकृती असते, ती पाहावी.

सगळे जुळून पडदा उजळला तरी एक काम उरते. ३२०० ची म्हणून घेतलेली पट्टी पहिल्यांदा पुष्कळदा २१३३ किंवा २४०० वरच चालू होते. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी नावाची नोंद चालू केली की ती आपल्या वेगावर येते. त्यानंतर मेमटेस्ट८६ हा तपासणीचा कार्यक्रम रात्रभर चालू ठेवावा. सकाळी एक जरी चूक दिसली, तरी वेग एक पायरी कमी करून पुन्हा तपासावे. तरीही चूक राहिली तर परत देण्याची मुदत संपण्यापूर्वी पावती घेऊन दुकान गाठावे.