मोबाईलचा तंबोरा



मोबाईल हातात घेतला की माझी आई ओरडते. म्हणते, डोळे जातील, अभ्यास बुडेल. पण मोबाईलवर गाणेसुद्धा शिकता येते. ते कसे, ते मी आज सांगणार आहे.

गाण्यात पहिला स्वर सा. तो पक्का धरला की बाकीचे स्वर त्याच्या आधाराने लागतात. म्हणून गवई लोक मागे तंबोरा ठेवतात. त्याला बहुधा चार तारा असतात. त्या प, सा, सा आणि खालचा सा अशा लावतात. तंबोऱ्याचा भोपळा खरोखरच भोपळ्याचा असतो! सांगली जिल्ह्यातल्या मिरजेत तंबोरे तयार होतात. तिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले.

आमच्या शाळेत तंबोरा नाही. म्हणून बाई मोबाईलवर तंबोरा लावतात. बटण दाबले की चारही तारा वाजत राहतात. हात दुखत नाही आणि तार उतरत नाही.

तार थरथरते तेव्हा आवाज होतो. त्या थरथरण्याला कंपन म्हणतात. समजा, सा एका सेकंदाला २४० कंपनांचा धरला. तर प ३६० चा, म्हणजे दीडपट. वरचा सा ४८० चा, म्हणजे दुप्पट. बाईंनी हे फळ्यावर लिहिले तेव्हा मला वाटले, हा गाण्याचा तास की गणिताचा? ज्याच्या गळ्याला झेपेल तो सा त्याने घ्यावा. दीडपट आणि दुप्पट मात्र बदलत नाही.

आता माझी गंमत सांगते. प्रार्थनेला मी पुढे उभी राहायची. एकदा बाई म्हणाल्या, "तू थोडे दिवस मागे उभी राहा, स्वर पडतोय." मला रडूच आले. मला तर वाटायचे मी छान गाते. मग बाईंनी माझी प्रार्थना मोबाईलमध्ये रेकॉर्ड करून मला ऐकवली. मी म्हटले, हा आवाज माझा नाहीच! बाई म्हणाल्या, आपला आवाज आपल्याला हवेतून ऐकू येतो आणि डोक्याच्या हाडांतूनही. मोबाईल फक्त हवेतला आवाज घेतो. लोकांनाही तोच ऐकू येतो. ओळीच्या शेवटी माझा स्वर खाली घसरतो, हे मला तेव्हा कळले.

पण का घसरतो ते मोबाईलने सांगितले नाही. ते बाईंनी सांगितले. माझा श्वास संपत होता. मग मी ओळीच्या आधी पोटभर श्वास घ्यायला शिकले. रोज शाळा भरायच्या आधी दहा मिनिटे मी तंबोऱ्याबरोबर नुसता सा धरते.

परवा मध्येच मोबाईलची बॅटरी संपली. बाई म्हणाल्या, "थांबू नका." आम्ही तसेच गात राहिलो. नंतर दुसऱ्या मोबाईलवर तंबोरा लावून पाहिला, तर आमचा सा थोडासाच खाली आला होता. बाई हसल्या. म्हणाल्या, तंबोरा आता तुमच्या कानात बसायला लागलाय.

मी अजून मागच्या ओळीतच आहे. पण पुढे येणार आहे. म्हणून आईला एक विनंती. हा लेख वाचलास की मला रोज संध्याकाळी दहा मिनिटे मोबाईल दे. गेम लावणार नाही. आईशप्पथ!

– एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी