करड्या रंगाची परीक्षा

घरातल्या जुन्या कृष्णधवल फोटोची नवी प्रत काढून आणली, की बऱ्याचदा काहीतरी खटकते. आजीच्या चेहऱ्यावर हिरवट झाक आलेली असते. आजोबांच्या काळ्या कोटाचा नुसता डाग झालेला असतो. घड्या आणि गुंड्या कुठे गेल्या ते कळत नाही. ‘मूळ फोटोच तसा आहे,’ असे दुकानात सांगितले जाते. पण मूळ फोटो शेजारी धरला, तर त्यात घड्याही दिसतात आणि गुंड्याही. अनेक घरांत एखाद्या माणसाची तेवढी एकच छबी उरलेली असते, म्हणून हा फरक जास्त लागतो.

बहुतेक वेळा कारण साधे असते. प्रिंटरने कागदावर चढवलेली शाई प्रत्यक्षात किती गडद दिसली, हे कोणी मोजलेलेच नसते. ते मोजायचे आणि आलेल्या आकड्यांनुसार प्रिंटरला दिलेली आज्ञा सुधारायची, याला कॅलिब्रेशन म्हणतात. शास्त्रीय मराठीत अंशांकन.

रंगीत सोपे, करडे अवघड

साध्या इंकजेट प्रिंटरमध्ये चार शाया असतात: निळसर (सायन), किरमिजी (मॅजेन्टा), पिवळी आणि काळी. काळ्या शाईचे थेंब पांढऱ्या कागदावर विरळ टाकले, तर फिकट भाग रवाळ दिसतो. म्हणून अनेक प्रिंटर करड्या छटा तीन रंगीत शाया मिसळून तयार करतात. तिन्हींचा तोल अचूक साधला तरच करडा रंग मिळतो. किरमिजी शाई जराशी कमी पडली, की सगळा फोटो हिरवट होतो.

रंगीत फोटोत साडीचा लाल रंग किंचित नारिंगीकडे झुकला, तर कोणाच्या लक्षात येत नाही. करड्यात मात्र तेवढीच झाक लगेच दिसते, कारण रंगहीन छटेतला थोडासा बदलही आपली नजर चटकन टिपते. शिवाय रंगीत शायांपासून केलेला करडा प्रकाशानुसार बदलतो. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली ठीक वाटलेली प्रत घरी खिडकीपाशी नेल्यावर वेगळी दिसते. प्रत्येक दिव्याच्या प्रकाशात वेगवेगळ्या तरंगलांबींचे प्रमाण निराळे असते आणि प्रत्येक शाई त्यांतल्या ठरावीक तरंगलांबी शोषते, म्हणून हे घडते.

यावरचा उपाय म्हणजे रंगीत शाया कमीत कमी वापरणे आणि काळ्या शाईच्याच फिकट छटा वेगळ्या भरणे. एप्सन कंपनीने २००५ मध्ये फोटो प्रिंटरसाठी तीन घनतेच्या काळ्या शायांचा संच आणला. त्याआधीच अमेरिकेतील जॉन कोन यांनी रंगीत शायांच्या जागी करड्या शाया भरून कृष्णधवल छपाईची पद्धत विकसित केली होती. आज चांगल्या फोटो प्रिंटरमध्ये एक-दोन करड्या शाया असतात आणि चालक प्रणालीत कृष्णधवल छपाईचा वेगळा पर्यायही असतो. तो निवडला, की झाक बरीच कमी होते. गडद-फिकटाचा प्रश्न मात्र तेवढ्याने सुटत नाही.

कागद शाई पितो

प्रिंटरचा एक थेंब काही पिकोलिटरचा असतो. पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लाख कोटीवा भाग. हा थेंब कागदावर पडल्यावर थोडा पसरतो. किती पसरेल, हे कागदावरच्या लेपावर अवलंबून असते. त्यामुळे प्रिंटरला निम्मी शाई टाकायला सांगितली, तरी कागदावर छटा निम्म्याहून बरीच गडद उमटते.

दुसऱ्या टोकाला वेगळीच अडचण असते. एका मर्यादेनंतर शाई वाढवली, तरी काळा अधिक काळा होत नाही. शाई नुसती साचते आणि शेजारच्या छटांमध्ये मिसळते. कोटाच्या घड्या नाहीशा होतात त्या इथे. चकचकीत कागदावरचा गडद काळा भाग पडलेल्या प्रकाशापैकी एक टक्क्याहूनही कमी प्रकाश परत पाठवू शकतो. चांगल्या मॅट कागदावर हे प्रमाण साधारण दोन ते तीन टक्के असते. म्हणून एका कागदासाठी केलेली जुळवणी दुसऱ्याला चालत नाही.

एकवीस चौकोन

मोजणी करायची तर आधी मोजपट्टी हवी, आणि ती डोळ्यांशी जुळणारी हवी. पडलेल्या प्रकाशापैकी १८ टक्के प्रकाश परत पाठवणारा कागद आपल्याला काळ्या-पांढऱ्याच्या अगदी मधोमध वाटतो. कारण डोळ्यांना अंधाऱ्या छटांमधले छोटे फरकही कळतात, उजळ छटांमध्ये मात्र तोच फरक मोठा असावा लागतो. हे लक्षात घेऊन आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने १९७६ मध्ये उजळपणाची ० ते १०० अशी मोजपट्टी ठरवली. शून्य म्हणजे निखळ काळा, शंभर म्हणजे शुभ्र पांढरा. तो १८ टक्क्यांचा करडा या पट्टीवर ५०च्या आसपास येतो.

आता प्रत्यक्ष काम. आधी नोझल तपासणीचे पान छापावे. एक छिद्र बुजलेले असले, तरी पुढची सगळी मोजणी वाया जाते. मग ० ते १०० टक्के काळ्यापर्यंत पाच-पाच टक्क्यांनी गडद होत जाणारे एकवीस चौकोन छापावेत. ज्या कागदावर फोटो काढायचा आहे त्याच कागदावर, त्याच सेटिंगने. शाई वाळताना छटा बदलते, म्हणून पान दिवसभर ठेवून मगच मोजावे.

समजा, कोरा कागद ९६ आला आणि सर्वांत गडद चौकोन १६. मधले अंतर ८०. वीस पायऱ्यांत ते सारखे वाटले, तर प्रत्येक पायरी ४ची झाली. या हिशेबाने ५० टक्क्यांचा चौकोन ५६ यायला हवा. मोजल्यावर तो ४८ निघाला आणि ५६ हा आकडा ४० टक्क्यांच्या चौकोनावर मिळाला. म्हणजे फोटोत जिथे ५० टक्के हवे आहे, तिथे या प्रिंटरला ४०च सांगायचे. असे एकवीस ठिकाणी केले, की दुरुस्तीची वक्ररेषा तयार होते. रॉय हॅरिंग्टन यांच्या क्वाडटोन रिपसारख्या प्रणाली मोजलेले आकडे दिल्यावर ही वक्ररेषा स्वतःच काढतात. नाहीतर फोटो दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरमधल्या ‘कर्व्ह्ज’मध्ये ती हाताने मांडता येते. नंतर पट्टी पुन्हा छापून पाहायची.

स्पेक्ट्रोफोटोमीटर हे मोजणीचे खरे उपकरण. ते महाग असते. घरच्या स्कॅनरवरही कामचलाऊ मोजणी होते. त्यासाठी स्कॅनरची आपोआप होणारी दुरुस्ती बंद करायची आणि ज्ञात छटांची प्रमाणित करडी पट्टी सोबत स्कॅन करून आकडे तिच्याशी ताडून पाहायचे. स्कॅनर गडद-फिकट सांगतो. रंगाची झाक ओळखण्यासाठी मात्र त्याच्यावर विसंबू नये. ती खिडकीच्या उजेडात आणि फोटो जिथे टांगायचा आहे तिथल्या दिव्याखाली स्वतः पाहावी.

काहीच मोजता येत नसेल, तरी ही पट्टी उपयोगी पडते. ८५, ९०, ९५ आणि १०० टक्क्यांचे चौकोन वेगळे ओळखू येतात का, एवढे पाहावे. ते एकच दिसत असतील, तर कोटाच्या घड्याही दिसणार नाहीत.

काजळी टिकते

छटा जुळली, तरी ती टिकायला हवी. स्वस्त प्रिंटरमधली रंगद्रावण असलेली शाई उजेडात तुलनेने लवकर उडते, आणि तिन्ही रंग सारख्या वेगाने उडत नसल्याने करड्याचा तोल पुन्हा बिघडतो. रंगकण असलेली शाई जास्त टिकते. त्यातही काळ्या शाईचा कण बहुधा कार्बनचा, म्हणजे काजळीचाच असतो. आपल्या जुन्या पोथ्या काजळीच्या शाईने लिहिलेल्या आहेत आणि शतकांनंतरही त्यांची अक्षरे काळीभोर आहेत. कागदही पाहून घ्यावा. अतिशुभ्र दिसण्यासाठी काही कागदांत चमकद्रव्ये घातलेली असतात. ती काळानुसार निकामी होतात आणि कागद पिवळट दिसू लागतो.

कागद किंवा शाई बदलली, की पट्टी नव्याने छापायची. पावसाळ्यात हवेतील दमटपणामुळे शाई सावकाश वाळते, तेव्हा मोजणीआधी जास्त वेळ थांबायचे. प्रत दुकानातून काढून घेणार असाल, तर फोटोआधी त्याच कागदावर एकवीस चौकोनांची पट्टी छापून मागावी. खर्च एका पानाचा आहे, आणि चेहरा छापण्याआधी काय चुकणार आहे ते त्यावर दिसते.