डिजिटल पुस्तकांची आगाऊ मागणी

लोहाऱ्यासारख्या यवतमाळ जिल्ह्यांतील गावीं राहणाऱ्या आम्हां वाचकांस प्रकाशनपूर्व सवलतीचा मोह जुनाच आहे. डॉ. केतकरांच्या 23 खंडांच्या ज्ञानकोशास आगाऊ वर्गणीदारांचा आधार होता. कागद व छपाई यांस पैसा आधीं लागतो, शिवाय प्रती संपूनही जातात. डिजिटल पुस्तक कधींच संपत नाहीं. मग घाई कशाची? किंमत खरोखरच कमी असेल तर मागणी नोंदवावी. एरवीं प्रकाशनानंतर मोफत मिळणारीं नमुन्याचीं पानें आधीं वाचावींत. पुन्हां हें पुस्तक एकाच्याच खात्यांत राहतें. सासूबाईंस वाचावयाचें तर बहुधा सूनबाईंचेंच यंत्र मागावें लागतें! 2009 सालीं ॲमेझॉननें ऑर्वेलचीं विकलेलीं पुस्तकें ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतलीं. पैसे मात्र परत केले.