मोटारीच्या पुढील चाकांची बेअरिंगे : झीज कशी ओळखावी व ती कशी बदलावीत

बैलगाडीच्या चाकाचा तुंबा आसावर घासत फिरतो. म्हणून गाडीवान त्यात वेळोवेळी वंगण घालतो. मोटारीच्या चाकात हे घासणे टाळण्याचे काम बेअरिंग करते. शास्त्रीय परिभाषेत त्यास धारवा म्हणतात. पोलादाच्या दोन कड्यांमध्ये पोलादी गोळ्या किंवा रूळ बसविलेले असतात. ते घसरत नाहीत, तर गडगडत फिरतात. त्यामुळे घर्षण पुष्कळच कमी होते.

पुढील चाकांवर गाडीचे वजन तर असतेच. शिवाय वळणावर बाजूने जोर येतो. हे दोन्ही भार पेलण्यास शंकूसारखे निमुळते रूळ उपयोगी पडतात. अशा बेअरिंगचे पेटंट हेन्री टिमकेन या अमेरिकेतील घोडागाड्यांच्या कारखानदारास १८९८ मध्ये मिळाले.

भिलाईतील कोहका येथून निघून राष्ट्रीय महामार्ग ५३ ने नागपूरला जाणारी मोटार सुमारे २६० किलोमीटर धावते. चाकाचा परीघ १.८ मीटर धरल्यास या एकाच प्रवासात प्रत्येक चाक सुमारे १ लाख ४४ हजार वेळा फिरते. बेअरिंगचे सील फाटून आत धूळ किंवा पावसाचे पाणी शिरले, वंगण आटले किंवा चाक वारंवार खड्ड्यांत आदळले, तर इतक्या फेऱ्यांत कड्यांचा गुळगुळीत पृष्ठभाग खरवडला जातो.

झिजलेले बेअरिंग प्रथम आवाजाने सूचना देते. वेगाबरोबर घरघर वाढते. मोकळ्या व सरळ रस्त्यावर इंजिन चालू ठेवून क्षणभर गीअर न्यूट्रलमध्ये घ्यावा. तरीही घरघर चालूच राहिली, तर दोष इंजिनात नसून चाकांकडे आहे असे समजावे. गाडी डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो. त्या वेळी आवाज वाढल्यास दोष बहुधा उजव्या बाजूस असतो. टायर असमान झिजले तरी असाच आवाज येतो. मात्र रस्त्याचा पृष्ठभाग बदलताच तो बदलतो.

खात्री करून घेण्यासाठी मागील चाकांना अडण लावावी, पुढील चाक जॅकने उचलावे आणि गाडी भक्कम स्टँडवर टेकवावी. चाक वर व खाली धरून आतबाहेर हलवावे. ते खुळखुळत असल्यास दुसऱ्या माणसास ब्रेक दाबून धरण्यास सांगावे. ब्रेक दाबताच खुळखुळ थांबली, तर बेअरिंग झिजले आहे. न थांबल्यास स्टिअरिंगचे किंवा सस्पेन्शनचे सांधे तपासावेत. नंतर चाक हाताने फिरवून खरखर लागते का, तेही पाहावे.

ज्या गाड्यांत इंजिनाची शक्ती मागील चाकांना मिळते, त्यांपैकी पुष्कळांच्या पुढील चाकांत निमुळत्या रुळांची दोन बेअरिंगे असतात. ती बदलताना चाक, ब्रेकचे भाग, टोपी, स्प्लिट पिन व नट या क्रमाने काढून हब बाहेर घ्यावा. ब्रेकचे कॅलिपर नळीवर लोंबकळू न देता तारेने बांधावे. जुनी कडी पितळी दांडक्याने ठोकून काढावीत व हब रॉकेलने धुऊन कोरडा करावा. जुन्या कड्यात नवे रूळ कधीही बसवू नयेत. दोन्ही एकाच जोडीचे हवेत. रुळांच्या फटींत ग्रीस दाबून भरावे व सील नवे घालावे. चाक फिरवीत नट आवळावा, मग थोडा सैल करून कंपनीच्या पुस्तिकेत दिल्याप्रमाणे जुळवावा आणि नवी स्प्लिट पिन लावावी. नट सैल राहिल्यास चाक डुलते. फार आवळल्यास बेअरिंग तापून लवकर निकामी होते.

पुढील चाकांना शक्ती मिळणाऱ्या मोटारींत बहुधा कारखान्यातच ग्रीस भरून बंद केलेले बेअरिंग असते. ते अनेकदा नकलमध्ये दाबून बसविलेले असते. यासाठी प्रेस लागते. नकलमध्ये बसविताना जोर केवळ बाहेरच्या कड्यावर द्यावा. आतल्या कड्यावर दिलेला जोर गोळ्यांतून जातो व त्यांच्या मार्गावर खळगे पडतात. मग नवे बेअरिंगही पहिल्याच दिवसापासून घरघरू लागते. ज्या कारखान्यात प्रेस नाही, तेथे हे काम हातोड्याने करवून घेऊ नये.

घरघर सुरू झाल्यानंतरही गाडी पुष्कळ दिवस चालते. म्हणून दुरुस्ती लांबणीवर पडते. परंतु झीज वाढत गेल्यास चाक धावत्या गाडीत जाम होऊ शकते, किंवा निखळूनही पडू शकते. असा अपघात गाडीत बसलेल्यांच्याच नव्हे, तर रस्त्याने जाणाऱ्या इतरांच्याही जिवावर बेततो. यास्तव आवाज ऐकू येताच चाक तपासून घेणे हेच शहाणपणाचे होय.